अर्धा टक्का: चीनने रद्दी नाकारली तेव्हा काय उघडं पडलं

१८ जुलै २०१७ रोजी चीनने जागतिक व्यापार संघटनेला कळवलं की, वर्षअखेरपासून चोवीस प्रकारचा परदेशी कचरा आपण देशात येऊ देणार नाही. यादीत काही प्लास्टिक होतं, कापडाच्या चिंध्या होत्या आणि न निवडलेली मिश्र रद्दीही होती. निवडलेल्या रद्दीला, म्हणजे मुख्यतः जुन्या खोक्यांच्या पुठ्ठ्याला, दार बंद झालं नाही. पण तिच्यासाठी नवी अट आली: कागद सोडून दुसरं काहीही वजनाच्या ०.५ टक्क्यापेक्षा जास्त चालणार नाही. आधी ही मर्यादा १.५ टक्के होती. नवी अट १ मार्च २०१८ पासून लागू झाली.

अर्धा टक्का म्हणजे किती, ते एका गठ्ठ्यावर मोजून बघू. दाबून तारेने बांधलेल्या पुठ्ठ्याच्या मोठ्या गठ्ठ्याचं वजन सहाशे किलो धरलं, तर त्यात परक्या मालाला जागा उरते तीन किलोची. काचेच्या डझनभर बाटल्या, किंवा प्लास्टिकच्या शंभर-दीडशे. ऐकायला ही सूट बरीच वाटते. पण अमेरिकेतल्या घराघरांतून आलेल्या मिश्र रद्दीच्या गठ्ठ्यात याच्या कितीतरी पट जास्त माल निघायचा. ते विकणाऱ्याला ठाऊक होतं, घेणाऱ्यालाही ठाऊक होतं, आणि वर्षानुवर्षं व्यवहार तसाच चालला होता.

२०१८ मध्ये पुढे जे झालं त्याच्या बातम्या 'रिसायकलिंग कोसळलं' अशा थाटात आल्या. मला हे निदान पटत नाही. कागद तोच होता, यंत्रं तीच होती, लगदा करण्याचं तंत्रही तेच होतं. रद्दी निवडण्याचं काम स्वस्तात करणारे हात या साखळीतून निघून गेले आणि त्या कामाची किंमत पहिल्यांदाच कागदावर आली, एवढंच झालं. ती किंमत एवढी मोठी का, हे कळायला आधी धंदा बघावा लागतो आणि मग मिलच्या आत जावं लागतं.

परतीच्या रिकाम्या कंटेनरमधला धंदा

या धंद्याची गोष्ट सांगताना झांग यिन या बाईंचं नाव टाळता येत नाही. १९८०च्या दशकाच्या मध्यात त्या हाँगकाँगमध्ये रद्दीच्या व्यापारात उतरल्या. १९९० मध्ये लॉस एंजेलिसला गेल्या आणि नवऱ्यासोबत 'अमेरिका चुंग नाम' नावाची कंपनी काढून तिथली रद्दी चीनला पाठवू लागल्या. त्यांचं गणित सोपं होतं. चीनहून अमेरिकेला माल भरभरून येत होता, पण परतीच्या प्रवासाला कंटेनरना काही नव्हतं. रिकामं नेण्यापेक्षा कमी भाड्यात काहीतरी नेलेलं बरं, असं जहाज कंपन्यांचं म्हणणं. रद्दी जड, स्वस्त आणि कुठलीच घाई नसलेली. त्या भाड्यात ती बरोबर बसली. १९९५ मध्ये झांग यांनी ग्वांगडोंग प्रांतातल्या डोंगग्वानमध्ये 'नाईन ड्रॅगन्स' ही पेपर मिल काढली. २००६ मध्ये कंपनी हाँगकाँगच्या शेअर बाजारात आली आणि त्याच वर्षी चीनमधल्या श्रीमंतांच्या यादीत झांग पहिल्या क्रमांकावर होत्या. रद्दीच्या जोरावर.

चीनला ही रद्दी का हवी होती, याचं उत्तर धाग्याच्या लांबीत आहे. अमेरिकी खोक्याचा बाहेरचा थर बहुधा पाइनसारख्या सूचिपर्णी लाकडाच्या ताज्या लगद्याचा असतो. त्याचे तंतू तीन मिलिमीटरच्या आसपास लांब असतात. रुंद पानांच्या झाडांचे तंतू एक मिलिमीटरच्या घरातले. चीनमध्ये लाकूड कमी. तिथल्या जुन्या मिल गव्हाच्या काडापासून लगदा करायच्या, तोही आखूड तंतूंचा, आणि त्या मिलचं सांडपाणी नद्यांत जायचं. अमेरिकी पुठ्ठा आणला की लांब, मजबूत तंतू आयताच मिळायचा, झाड न तोडता. टीव्ही चिनी खोक्यातून अमेरिकेला जायचा, खोकं रद्दी होऊन परत यायचं आणि पुन्हा खोकं होऊन निघायचं. २०१७ मध्ये चीनने सुमारे अडीच कोटी टन रद्दी आयात केली.

एक डबा आणि चपटी बाटली

दुसरीकडे अमेरिकेत गोळा करण्याची पद्धत बदलत गेली होती. पूर्वी घरोघरी वर्तमानपत्र वेगळं, काच वेगळी, डबे वेगळे ठेवायला सांगत. १९९०च्या दशकात कॅलिफोर्नियापासून 'सगळं एकाच डब्यात टाका' ही रीत सुरू झाली आणि २०१०च्या दशकापर्यंत बहुतेक शहरांत तीच रूढ झाली. लोकांना सोपी, गाडीला एकच फेरी, उचलायला एकच यांत्रिक हात. गोळा होणारं वजनही वाढलं. नगरपालिकांच्या अहवालात हे यशच होतं.

पण गाडीत तो माल दाबला जातो. काच फुटते, तिचे कण ओल्या कागदात रुततात. डब्यात राहिलेला टोमॅटो सॉस पुठ्ठ्याला लागतो. मग सगळं वर्गीकरण केंद्रात येतं. तिथे फिरत्या चकत्यांच्या रांगा असतात. चपटी, रुंद वस्तू त्यांच्यावरून पुढे सरकते, गोल वस्तू मागे घरंगळते. चपटं म्हणजे कागद, गोल म्हणजे बाटली, असं यंत्राचं साधं गृहीतक. आणि गाडीत दाबून चपटी झालेली बाटली? ती यंत्राच्या लेखी कागदच. ती मुकाट्याने कागदाच्या पट्ट्यावर जाते. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना उभी माणसं हाताने वेचतात, पण पट्टा वेगात असतो आणि प्रत्येक मिनिटाला पैसे पडतात. राहिलं ते गठ्ठ्यात जातं.

इथे एक गोष्ट आपल्याकडच्या वाचकाच्या लगेच लक्षात येईल. आपला रद्दीवाला वर्तमानपत्र वेगळं तोलतो, वह्या-पुस्तकं वेगळी, पुठ्ठा वेगळा. प्रत्येकाचा भाव निराळा. माल मिसळण्याआधीच त्याची प्रत ठरलेली असते. अमेरिकी पद्धतीत आधी सगळं मिसळायचं आणि मग खर्च करून सोडवायचं, असा उलटा प्रवास आहे. तो परवडतो तोपर्यंत ठीक.

मिलच्या आत

आता ते तीन किलो मिलमध्ये काय करतात ते बघू, कारण अर्ध्या टक्क्याचा आकडा नुसता सरकारी लहरीतून आला असं मानणारे मिलच्या आत कधी गेलेले नसतात.

कागद रिसायकल होतो तो मुळात पाण्यामुळे. कागदातले तंतू एकमेकांना कुठल्याही गोंदाने चिकटवलेले नसतात. लगदा वाळताना शेजारशेजारच्या तंतूंमध्ये हायड्रोजन बंध तयार होतात आणि तेच कागद धरून ठेवतात. पुन्हा पाण्यात घातलं की हे बंध सुटतात. खोक्याचे थर जोडणारी खळ पिष्टाची असते, तीही पाण्यात विरते. म्हणून पुठ्ठ्याचं खोकं पल्परमध्ये पडलं की काही मिनिटांत त्याचं खोकंपण संपतं.

पल्पर म्हणजे तळाशी फिरतं पातं असलेली अजस्र टाकी. पुठ्ठ्याच्या पल्परमध्ये पाणी पंचाण्णव टक्क्यांच्या आसपास असतं, बाकी तंतू. गठ्ठे पट्ट्यावरून थेट आत पडतात, पुष्कळदा बांधलेल्या तारांसकट. त्या तारा, सुतळ्या, प्लास्टिकच्या पट्ट्या, पिशव्या पाण्याच्या भोवऱ्यात गोल फिरत राहतात. त्यांना बाहेर काढायची युक्ती मजेशीर आहे. सुरुवातीला एक तार वरून भोवऱ्यात सोडतात. तिच्याभोवती बाकीचं गुंडाळत जातं आणि वर बसवलेलं रॅगर नावाचं यंत्र तो पीळ हळूहळू वर ओढत राहतं. टाकीतून बाहेर येतो तो वडाच्या पारंबीसारखा जाड, ओला, करडा दोर. त्यात तार असते, पिशव्या असतात, कधी अख्खी चादर नाहीतर पाण्याचा पाइपही असतो. पुढे कटरने त्याचे तुकडे पाडतात. गठ्ठे जितके घाण तितका दोर जाड आणि तितक्या वेळा तो तुटतो. तुटला की पल्पर थांबवायचा.

जड माल, म्हणजे पिना, वाळू, काच, पुढच्या सेंट्रीक्लीनरमध्ये खाली बसतो. लगदा शंकूसारख्या नळीतून जोरात गोल फिरवला की जड कण बाहेरच्या भिंतीकडे जातात आणि तळातून निघतात. काच इथे निघते खरी, पण निघेपर्यंत पंपांची पाती आणि चाळण्यांच्या कडा घासत येते. एका डब्यात टाकायच्या पद्धतीवर मिलवाल्यांचा सगळ्यात मोठा राग काचेपायीच आहे, आणि तो रास्त आहे.

त्यानंतर चाळण्या. आधी गोल भोकांच्या, मग चिरांच्या. शेवटच्या चाळणीची चीर ०.१५ ते ०.२५ मिलिमीटर रुंद असते. तंतू लांब असला तरी बारीक असतो, तो उभा होऊन चिरेतून निसटतो. प्लास्टिकचा तुकडा अडतो. इथपर्यंत यंत्र जिंकतं.

हरतं ते चिकट मालापुढे. मिलमध्ये याला 'स्टिकी' म्हणतात. खोक्यावरची टेप, पत्त्याचं लेबल, मासिकाच्या कण्याचा गरम करून लावलेला डिंक. हे पाण्यात विरत नाहीत, त्यांचे बारीक मऊ गोळे होतात, आणि मऊ असल्यामुळे ते दाब पडताच आकार बदलून त्याच बारीक चिरांतून पार होतात. लगद्यात ते दिसतही नाहीत. मग लगदा यंत्राच्या जाळीवर पसरतो, पाणी निथळतं, रूळांखाली दाबला जातो आणि वाफेने तापलेल्या सिलिंडरवर वाळतो. तिथे उष्णतेने गोळा वितळतो, सिलिंडरला चिकटतो आणि जाता जाता कागदाचा तुकडा उपटतो. कागदाला भोक पडतं. मिनिटाला काहीशे मीटर, मोठ्या यंत्रांवर हजार मीटरहून जास्त वेगाने धावणाऱ्या कागदाला एक भोक पुरतं. कागद तुटतो. तुटला की यंत्र रिकामं चालतं, चिकटलेलं खरवडायचं, कागदाची शेपूट, म्हणजे पुढचं टोक, यंत्रात पुन्हा ओवायची, तोवर लगदा मागे फिरवायचा. शंखजिऱ्याची पूड घालून या गोळ्यांचा चिकटपणा मारता येतो, लगदा तापवून आणि रगडून त्यांना दिसेनासं करता येतं, पण प्रत्येक उपायाचा खर्च आहे.

शिवाय चाळणीवर जे अडतं ते नुसतं प्लास्टिक नसतं. त्याच्यासोबत चांगला तंतूही जातो. स्वच्छ पुठ्ठ्यातसुद्धा दहाएक टक्के वजन या ना त्या वाटेने जातं. छापील पांढऱ्या कागदापासून टिश्यू करायचा तर साधारण तिसरा हिस्सा जातो, कारण तिथे शाईसोबत चकचकीत कागदातली चिनी माती आणि चुनाही धुऊन काढावा लागतो. हा ओला, करडा, प्लास्टिकमिश्रित गाळ मिलच्या दारात साठतो. चीनच्या बंदीमागचं एक मोठं कारण हाच ढीग होता. दुसऱ्याच्या देशातला कचरा रद्दीच्या नावाखाली आपल्या गावात पुरायचा किंवा जाळायचा, आणि त्यावर आपण आयातीचे पैसेही द्यायचे.

मिश्र रद्दी वेगळी काढून तिच्यावरच पूर्ण बंदी का, यालाही मिलमध्येच उत्तर आहे. तिच्यात प्लास्टिक एकही नसलं तरी ती अडचणीची असते. पांढऱ्या लगद्यात तपकिरी पुठ्ठा आला तर त्याचे ठिपके जात नाहीत. तपकिरी लगद्यात पांढरा कागद आला तर रंगाचं बिघडत नाही, पण तंतू आखूड आणि चिनी माती-चुन्याचा भराव जास्त, त्यामुळे खोकं दबतं. वर्तमानपत्राच्या लगद्यात लिग्निन, म्हणजे लाकडातलं तंतू बांधून ठेवणारं द्रव्य, असतं, तो उन्हात पिवळा पडतो. म्हणून तो वर्तमानपत्रातच परत जावा हे बरं. तिथे साबण आणि हवेचे बुडबुडे सोडून शाई फेसावर आणतात आणि फेस काढून टाकतात. पुठ्ठ्याला ही शाई काढायची भानगडच नसते, ती तपकिरीपणात मिसळून जाते. म्हणजे प्रत्येक प्रतीची वाट वेगळी आहे. सगळं एकत्र आलं की उरतात ते खालचे वापर: करड्या पुठ्ठ्याचा आतला थर, खोक्याची आतली नागमोडी पट्टी, अंड्यांचे ट्रे. अंड्यांचा ट्रे वाईट नाही. पण छपाईचा पांढराशुभ्र कागद थेट अंड्यांच्या ट्रेपर्यंत उतरणं म्हणजे तंतूच्या आयुष्यातल्या मधल्या पायऱ्या फुकट घालवणं.

तंतूचं आयुष्य हा विषय निघालाच आहे तर: प्रत्येक वेळी वाळताना तंतू थोडा ताठर होतो, पुढच्या वेळी पाणी कमी शोषतो, बंध कमी बांधतो. 'कागद पाच ते सात वेळाच रिसायकल होतो' हे वाक्य सगळीकडे छापलेलं असतं. ते नियमासारखं घेऊ नये. छपाईच्या कागदाला ते ढोबळमानाने लागू पडेल. पण खोक्यांच्या पुठ्ठ्यात, जिथे पांढरेपणा लागत नाही आणि वरून पिष्टाचा लेप देऊन ताकद भरून काढता येते, तिथे फेरे त्याहून बरेच जास्त होऊ शकतात. मात्र प्रत्येक फेऱ्यात काही तंतू तुटून गाळात जातात, त्यामुळे वरून थोडा ताजा, लांब तंतू पडत राहिलाच पाहिजे. जगाच्या साठ्यात हा ताजा तंतू येतो तो मोठ्या प्रमाणात उत्तर अमेरिकेच्या खोक्यांतून. हा मुद्दा पुढे चीनला महागात पडला.

२०१८

वर्षाच्या सुरुवातीलाच मिश्र रद्दीचा भाव कोसळला. २०१७ च्या आरंभी जिला टनामागे चांगले पैसे मिळत होते ती वर्षभरात जवळपास फुकट झाली; कित्येक ठिकाणी ती न्यायला उलट पैसे द्यावे लागले. मे महिन्यात चीनने अमेरिकेतून निघणाऱ्या मालाची तपासणी करणाऱ्या आपल्या यंत्रणेचं काम महिनाभर थांबवलं, म्हणजे तेवढा महिना नवीन मालाला मंजुरीच नाही. ऑगस्टमध्ये व्यापारयुद्धाच्या ओघात अमेरिकी रद्दीवर, पुठ्ठ्यासकट, २५ टक्के शुल्क आलं. चीनची रद्दी आयात २०१८ मध्ये सुमारे १.७ कोटी टनांवर आली, २०१९ मध्ये एक कोटीच्या आसपास, २०२० मध्ये सत्तर लाख टनांच्या खाली. १ जानेवारी २०२१ पासून सगळ्याच घनकचऱ्याची आयात बंद झाली.

अमेरिकेत वर्गीकरण केंद्रांनी पट्ट्यांचा वेग कमी केला, माणसं वाढवली, तोच माल दोनदा फिरवला. गठ्ठे स्वच्छ झाले, पण टनामागचा खर्च वाढला आणि त्याच वेळी विक्रीचा भाव पडलेला. ओरेगॉन राज्याने काही मालाला कचराभूमीत टाकायची तात्पुरती सवलत दिली. फिलाडेल्फिया शहराने २०१९ च्या सुरुवातीपर्यंत काही महिने आपल्या रिसायकलिंगपैकी जवळपास निम्मा माल भट्टीत पाठवला. लोक मात्र घरी इमानेइतबारे डबा भरत होते. कित्येक छोट्या गावांनी तर रिसायकलिंगची योजनाच गुंडाळली.

अर्धा टक्का ही मर्यादा गाठणं अशक्य होतं का? पुठ्ठ्याच्या बाबतीत नाही. दुकानांच्या आणि गोदामांच्या मागच्या दाराशी जमणारा पुठ्ठा मुळातच निवडलेला असतो. त्याचे गठ्ठे थोडी काळजी घेतली की मर्यादेत बसायचे, आणि ते चीनला जातही राहिले. अडकला तो घराघरांतून आलेला मिश्र माल. म्हणजे अपयश कागदाचं नव्हतं, ते डब्याचं होतं. मर्यादा फार कडक होती, युरोपच्या मानकातली दीड टक्क्यांची मर्यादाही पुरेशी ठरली असती, असा युक्तिवाद तेव्हा झाला. तो तांत्रिकदृष्ट्या चूक म्हणता येणार नाही. दीड टक्क्यांचा माल मिल खुशाल हाताळतात. पण आधीची मर्यादाही दीड टक्केच होती आणि ती कुणी पाळत नव्हतं. २०१३ मध्ये चीनने 'हिरवं कुंपण' नावाची तपासणी मोहीम राबवली होती, तेव्हा काही महिने गठ्ठे सुधारले आणि मोहीम सरताच जुनी सवय परत आली. हे लक्षात घेतलं तर अर्ध्या टक्क्याचा आकडा मला दर्जाच्या मानकापेक्षा इशारा जास्त वाटतो.

ढीग दुसऱ्या दारात

चीनचं दार बंद झाल्यावर तो माल भारत, इंडोनेशिया, व्हिएतनाम, थायलंड, मलेशियाकडे वळला. या देशांतल्या मिलना स्वस्त तंतू मिळाला, हा फायदा खराच. पण गठ्ठे तेच होते.

इंडोनेशियातल्या पूर्व जावामधलं चित्र याचं सगळ्यात ठळक उदाहरण आहे. तिथल्या पेपर मिलमध्ये रद्दीसोबत आलेलं प्लास्टिक आसपासच्या गावांना दिलं जायचं. बांगुन नावाच्या गावात लोक अंगणात त्याचे ढीग पसरून विकण्याजोगं प्लास्टिक वेचायचे. त्या ढिगात अमेरिकी, ऑस्ट्रेलियन, युरोपीय वेष्टणं सापडायची. वेचून झाल्यावर जे उरायचं ते जळण म्हणून विकलं जायचं. त्रोपोदो गावातले टोफूचे कारखाने त्यावर बॉयलर पेटवायचे. २०१९ मध्ये त्या परिसरातल्या कोंबड्यांच्या अंड्यांची तपासणी झाली तेव्हा त्यांत डायॉक्सिनचं, म्हणजे प्लास्टिक जळताना तयार होणाऱ्या विषारी रसायनाचं, घातक प्रमाण निघालं. त्याच वर्षी जूनमध्ये इंडोनेशियाने रद्दी म्हणून आलेले पाच कंटेनर अमेरिकेला परत पाठवले. आत बाटल्या आणि वापरलेले डायपर होते. आपल्याकडे मुझफ्फरनगर भागातल्या मिलच्या प्लास्टिक गाळाबद्दल अशाच तक्रारी झाल्या, आणि तिथे तो गाळ गुऱ्हाळांच्या चुलाणांपर्यंत पोचल्याच्या बातम्या आल्या.

प्रकरणाचा खरा गाभा मला इथे दिसतो. सिएटलमधल्या घरात जी बाटली पुठ्ठ्यासोबत एका डब्यात पडली, तिला पुठ्ठ्यातून वेगळं करण्याचा खर्च कुणीतरी उचलणारच होतं. तो चीनमधल्या वेचणाऱ्यांनी उचलला, नंतर जावातल्या गावांनी आपल्या हवेतून आणि अन्नातून. अमेरिकी नगरपालिकेच्या ताळेबंदात मात्र तो कधीच नव्हता, आणि म्हणूनच एका डब्याची पद्धत स्वस्त वाटत राहिली.

मिल रद्दीकडे गेली

दुसऱ्या बाजूने चीनच्या मिलना लांब तंतूची टंचाई जाणवू लागली. देशातलाच पुठ्ठा पुन्हा पुन्हा फिरवून खोकी कमजोर होऊ लागली, देशांतर्गत रद्दीचे भाव चढले. बंदी कचऱ्यावर होती, लगद्यावर नव्हती. मग वाट निघाली ती अशी: रद्दीचा लगदा तिकडेच करायचा, ओला नाहीतर वाळवून तक्त्यांच्या रूपात गठ्ठे बांधायचे आणि लगदा म्हणून आणायचे. नाईन ड्रॅगन्सने २०१८ मध्ये अमेरिकेतल्या मेन राज्यातली रमफर्ड आणि विस्कॉन्सिनमधली बायरन या दोन मिल १७.५ कोटी डॉलरला विकत घेतल्या, पाठोपाठ वेस्ट व्हर्जिनियातली आणि मेनमधली आणखी एकेक. शानयिंग या दुसऱ्या चिनी कंपनीने केंटकीतली बंद पडलेली मिल घेतली. छपाईच्या कागदाची मागणी घटल्यामुळे अमेरिकेत अशा मिल स्वस्तात मिळत होत्या. पल्पर, सेंट्रीक्लीनर आणि चाळण्यांवरचा गाळ आता रद्दी जमते त्याच देशात राहू लागला. बंदीचा सर्वात टिकाऊ परिणाम हाच, असं मी म्हणेन. इतकी वर्षं मोहिमा काढून जे जमलं नव्हतं ते मिलच्या जागेने केलं.

अमेरिकेत नवीन यंत्रंही उभी राहिली. ऑस्ट्रेलियाच्या प्रॅट कुटुंबाच्या कंपनीने २०१९ मध्ये ओहायोतल्या वापाकोनेटा इथे पूर्णपणे रद्दीवर चालणारी मिल सुरू केली, आणि ती मिश्र रद्दीही घेते. कॅनडाच्या कॅस्केड्सने व्हर्जिनियातली वर्तमानपत्राच्या कागदाची जुनी मिल बदलून २०२३ मध्ये तिथे रद्दीपासून खोक्यांचा कागद काढायला सुरुवात केली. मिश्र रद्दी पचवायची तर चाळण्यांचे टप्पे वाढवावे लागतात आणि गाळाची सोय आधीच लावावी लागते. मिल बांधतानाच हा खर्च धरला की मिश्र रद्दीही कच्चा माल होते. जुन्या मिलमध्ये ती फक्त डोकेदुखी असते.

नगरपालिकांच्या बाजूला बदल झाला तो करारांत. पूर्वी वर्गीकरण केंद्र शहराला विक्रीतला वाटा द्यायचं आणि शहर तेवढ्यावर खूश असायचं. नव्या करारांत शहर टनामागे प्रक्रियेचं शुल्क भरतं, विक्रीचा भाव चढला तर वाटा मिळतो, आणि डब्यात परका माल ठरावीक प्रमाणाबाहेर गेला तर जादा आकार पडतो. त्यासाठी गाड्यांमधल्या मालाचे नमुने काढून तपासले जातात. काही शहरांनी काच पुन्हा वेगळी घ्यायला सुरुवात केली. पुठ्ठ्याचे भाव २०२१ मध्ये जोरात चढले, घरपोच खरेदीची खोकी तेव्हा मिलना पुरत नव्हती. २०२२ च्या उत्तरार्धात ते परत आपटले. या चढउतारातही बऱ्याच करारांमधलं निवडीच्या शुल्काचं कलम तसंच राहिलं आहे.